वायर की वाय-फाय? घरातील इंटरनेटच्या वेगाची पंधरा दिवसांची मोजणी आणि न सुटलेले एक कोडे

मोजपट्टी

नमस्कार.

आमच्या घरी दोन वर्षांपासून फायबरची जोडणी आहे आणि आम्ही दरमहा २०० एमबीपीएसच्या (सेकंदाला २०० मेगाबिट) योजनेचे पैसे भरतो. अलीकडे मी आठवड्यातून तीन दिवस कार्यालयाचे काम घरून करू लागले आणि मागच्या बेडरूममध्ये, म्हणजे दार लावून बसता येईल अशा एकमेव खोलीत, व्हिडिओ बैठक चालू असताना आवाज तुटू लागला. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्यांचा माणूस आला, हॉलमध्ये राउटरच्या शेजारी उभे राहून त्याने मोबाइलवर वेग मोजला, तो १९८ आला, आणि लाइन व्यवस्थित असल्याचे सांगून तो गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण माझी अडचण जिथे होती तिथपर्यंत तो आलाच नाही. म्हणून मी स्वतःच मोजायचे ठरवले.

घर पुण्यात आहे, इमारत चाळीस वर्षांपूर्वीची आहे आणि बहुतेक भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत येते, तर मागच्या बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट येते. सलग पंधरा दिवस मी सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा, एकाच लॅपटॉपवर, चाचणीचा सर्व्हर न बदलता मोजणी केली. प्रत्येक वेळी तीनदा मोजून मधला आकडा धरला, कारण एकाच मोजणीवर विसंबल्यास दर दहा मिनिटांनी वेगळा निष्कर्ष निघतो हे पहिल्याच दिवशी लक्षात आले होते.

आमचा राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतो, ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर तिन्ही वेळा १९० ते २०० मिळाले. स्वयंपाकघरात त्याच पट्ट्यावर ११० ते १३०. मागच्या बेडरूममध्ये मात्र लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ धरून ठेवतच नाही. तो आपोआप २.४ वर जातो आणि तिथे सकाळी ३५, दुपारी ३० आणि रात्री १२ ते १५ मिळतात. रात्रीचा आकडा एकदाही २० च्या वर गेला नाही.

आता कोडे. आधीच्या मालकांनी नूतनीकरणाच्या वेळी हॉलपासून मागच्या बेडरूमपर्यंत भिंतीतल्या पाइपमधून लॅनची (राउटर आणि संगणक थेट जोडणारी) वायर टाकून ठेवली होती. आम्ही ती कधी वापरली नव्हती. ती जोडल्यावर त्या खोलीत सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळा ९४ आले. कधी ९३.८, कधी ९४.२, पण ९४ च आणि बैठकीतला आवाज तुटणे पूर्ण थांबले. माझे काम झाले हे खरे. तरीही वायर जर वाय-फायपेक्षा वेगवान असते, तर वायरीवर हॉलमधल्या वाय-फायच्या निम्माच वेग का मिळावा? आणि तो इतका स्थिर कसा? जाणकारांनी सांगावे.

(हे सर्व आकडे मेगाबिटमध्ये आहेत. फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे २०० ची योजना पूर्ण क्षमतेने चालली तरी पडद्यावर सेकंदाला २५ च दिसतात. घरातल्या दोघांनी मला यावरून कंपनी फसवत असल्याचे सांगितले होते, म्हणून मुद्दाम नोंदवते.)

---

तांब्याची_तार

मोजणीची पद्धत फार आवडली. मी दूरध्वनी खात्यात बाहेरच्या लाइनचे काम बत्तीस वर्षे केले आहे आणि लोक तक्रार करताना आकडा, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र सांगत नाहीत हा माझा कायमचा अनुभव आहे.

तुमच्या कोड्याचे उत्तर ९४ या आकड्यातच आहे. वायरीच्या दोन टोकांची उपकरणे जोडणी होताच आपसांत वेग ठरवून घेतात. घरगुती उपकरणांत तो बहुधा १०० किंवा १००० असतो, अधेमधे काही नसते. माहिती लहान लहान पुडक्यांत पाठवली जाते आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पुडक्यांमधली सक्तीची मोकळी जागा असा खर्च पडतो. तारेवर १,५३८ बाइटांइतकी जागा घेणाऱ्या पुडक्यातून तुमची स्वतःची माहिती साधारण १,४५० बाइटच जाते, म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव. वायरीवर ९४ आले की जोडणी १०० वर झाली आहे आणि ९४० च्या आसपास आले की ती १००० वर झाली आहे, असे डोळे मिटून समजावे. तुमची वायर तिला मिळालेल्या मर्यादेत शंभर टक्के काम करते आहे. मर्यादाच चुकीची ठरली आहे.

आता ती का चुकली ते शोधा. १०० च्या जोडणीला आठ तारांपैकी चारच, म्हणजे दोन जोड्या लागतात, तर १००० च्या जोडणीला चारही जोड्या लागतात. एक तार तुटलेली असली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसली तरी उपकरणे काही न सांगता १०० वर उतरतात. दुसरी शक्यता राउटरच्या पोर्टची, म्हणजे वायर खोचायच्या खाचेची आहे. कंपन्या देतात त्या बऱ्याच फायबर पेट्यांवर एकच पोर्ट १००० चे असते आणि बाकीची १०० ची असतात. आधी पोर्ट बदलून पाहा, मग लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग किती दिसतो ते इथे लिहा.

---

भाडेकरू_ठाणे

चर्चा वाचताना एक शंका मनात आली, ती स्पष्टपणे मांडतो. वायरीचा आग्रह सर्वांसाठी योग्य आहे का? मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत, तिथे वायरीसाठी भोक पाडण्याचा प्रश्नच येत नाही. आमचा राउटर पूर्वी दाराजवळच्या कोपऱ्यात, शू-रॅकच्या मागे होता, कारण फायबर तिथून आत येते. मी फायबरची पाच मीटरची तयार कॉर्ड आणून तो दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराच्या वर, उंचावर ठेवला. त्यानंतर १०० च्या योजनेवर घरात कुठेही ९० च्या खाली आकडा गेलेला नाही.

एका चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला तीन-चार मेगाबिट पुरतात आणि मोठ्या टीव्हीवर अतिस्पष्ट चित्र पाहायला वीस-पंचवीस. मग ९४ चे २०० करण्यासाठी भिंतीशी झगडण्याची गरज किती लोकांना असते?

---

सहावा_चॅनल

भाडेकरू_ठाणे यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु त्यांचे घर लहान आहे आणि राउटरपासून प्रत्येक खुर्ची दिसते, ही अट त्यात गृहीत आहे. वाय-फायचा वेग कमी होतो म्हणजे नेमके काय होते हे पाहिले, तर मोजपट्टी यांचे रात्रीचे १२ ते १५ कुठून आले ते कळेल.

वायरीवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते आणि ती वायर त्या दोन उपकरणांचीच असते. वाय-फाय मात्र एकेरी पुलासारखे आहे. एका वेळी एका चॅनलवर (पट्ट्याच्या एका लहान भागावर) एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांनी थांबायचे, आणि प्रत्येक पुडके पोचल्याची पोच त्याच पुलावरून परत यायची. म्हणून फोनमध्ये जोडणीचा वेग ८६६ दिसतो (वाय-फाय ५ च्या दोन अँटेनांच्या उपकरणाचा तो नेहमीचा आकडा आहे) तेव्हा प्रत्यक्षात राउटरजवळ बसूनही पाचशे-सहाशेच मिळतात. खोक्यावर छापलेला आकडा तर सर्व पट्ट्यांची बेरीज असतो; कुठलेही एक उपकरण तो गाठू शकत नाही.

शिवाय हा पूल शेजाऱ्यांसोबत वाटून घ्यावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल दिसत असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच निघतात: १, ६ आणि ११. मोठ्या सोसायटीत वीस-पंचवीस राउटर या तिघांवर दाटीवाटीने बसतात. दुपारी शेजारी कामावर असतात. रात्री साडेनऊला प्रत्येक घरात टीव्ही आणि चार फोन चालू असतात. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपासच चालतो. तुमची लाइन रात्रीही २०० चीच आहे, हे तुमच्याच हॉलमधल्या मोजणीने सिद्ध केले आहे. ओसरते ती हवा.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्याविना वापरण्यास खुला केला, तेव्हापासून आपल्याकडे घरगुती राउटरना त्यात मोकळेपणाने हिंडता येते. पण ही लहर भिंतीत लवकर विरते. तुमच्या दोन नऊ इंची भिंती आणि लोखंडी कपाट यांनी ती मागच्या खोलीपर्यंत पोचूच दिली नाही आणि लॅपटॉप नाइलाजाने गर्दीच्या पट्ट्यावर गेला. कपाट तरी हलवता येते का पाहा. धातूचे पत्रे आणि आरसे लहर परतवतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पूल वापरायचा तो वेळाने मोजला जातो, माहितीच्या आकाराने नव्हे. एखादा जुना फोन दूरच्या खोलीतून ६ मेगाबिटच्या वेगाने बोलत असेल, तर तेवढीच माहिती पाठवायला तो जवळच्या नव्या लॅपटॉपच्या शंभरपट वेळ पूल अडवतो. म्हणून टीव्ही आणि टेबलावरचा संगणक वायरीवर नेला की त्यांचा वेग तर वाढतोच, पण वाय-फायवर उरलेल्या फोनचाही वाढतो. वायरीचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

---

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार.

तांब्याची_तार, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. लॅपटॉपमध्ये जोडणीचा वेग १०० च दिसतो. राउटरची चारही पोर्ट बदलून पाहिली, फरक पडला नाही. मग लॅपटॉप हॉलमध्ये आणून राउटरसोबत आलेल्या छोट्या वायरीने थेट जोडला, तेव्हा १००० दिसले आणि चाचणीत २०६ आले. म्हणजे राउटर आणि लॅपटॉप दोघेही निर्दोष आहेत. दोष भिंतीतल्या वायरीत किंवा तिच्या टोकांवर आहे.

सहावा_चॅनल, २.४ वर फोनमध्ये २७ नेटवर्क मोजली. त्यांतली अकरा ११ व्या चॅनलवर आहेत आणि आमचा राउटरही तिथेच होता. तो १ वर नेला आणि चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. रात्रीचा वेग १४ वरून २२ ते २५ झाला. कपाट जड असल्यामुळे तूर्त जागेवरच आहे.

---

षड्ज_पंचम

मी गाणे शिकवते. माझे निम्मे विद्यार्थी पुण्या-मुंबईत आहेत आणि निम्मे अमेरिकेत, मुख्यतः तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर. त्यामुळे मला वेगाच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, विलंबाबद्दल सांगावेसे वाटते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेपर्यंत जाऊन परत यायला त्यामुळे प्रत्यक्षात २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि कोणतीही योजना घेतली तरी ते कमी होत नाहीत. म्हणून मी आणि विद्यार्थी एकत्र गात नाही. मी गाते, तो ऐकतो, मग तो गातो. हा ठरलेला विलंब त्रास देत नाही, कारण कानाला त्याची सवय होते. त्रास देतो तो बदलता विलंब. स्वर लांबवलेला असताना मधला काही मिलिसेकंदांचा तुकडा उशिरा आला की सॉफ्टवेअर तो टाकून देते किंवा ताणून जोडते, आणि विद्यार्थ्याने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) चुकवली की वाय-फायने, हेच मला कळत नाही. शिकवणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी अडचण आहे. जी चूक विद्यार्थ्याने केलीच नाही, ती मी त्याला सांगितलेली आहे.

माझ्या मुलाने लॅपटॉपवरून राउटरला पाच मिनिटे सतत पिंग करून दाखवले, म्हणजे दर सेकंदाला एक छोटी हाक पाठवून उत्तर किती वेळात येते ते मोजले. वाय-फायवर बहुतेक उत्तरे ३ मिलिसेकंदांत येत होती, पण मधूनच एखादे ८० ला, एखादे १४० ला. वायरीवर तीनशेच्या तीनशे उत्तरे १ मिलिसेकंदाच्या आत आली. वेगाच्या चाचणीत दोन्हींचा आकडा सारखाच होता. मी त्या दिवशी वीस मीटरची वायर आणून ओटीवरून संगीताच्या खोलीत नेली. ती दाराच्या चौकटीवरून लोंबते आणि दिसायला चांगली नाही, पण तेव्हापासून विद्यार्थ्याचा स्वर मला जसा आहे तसा ऐकू येतो.

भाडेकरू_ठाणे यांना विनंती आहे की ९० चा आकडा पाहून थांबू नका. एकदा पिंगही करून पाहा.

---

चिरेबंदी

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, मुख्य गावापासून तीन किलोमीटर आत असलेल्या वाडीत आहे. तुम्ही सर्व घरातल्या वाय-फायबद्दल बोलत आहात. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: घरापर्यंत इंटरनेट येतानाच ते वायरीने यावे की हवेतून? या दोन वेगळ्या गोष्टी असूनही दुकानदार दोन्हींना वायरलेसच म्हणतात आणि त्यातून गोंधळ होतो.

भारतनेट योजनेचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आले आहे. तिथून वाडीपर्यंत कुणी आणत नव्हते. २०२२ च्या १ ऑक्टोबरला देशात ५जी सुरू झाले, त्यानंतर वर्षभरात हवेतून घरगुती जोडणी देणाऱ्या सेवा आल्या आणि पुढे आमच्या टॉवरवरही ५जी आले. आम्ही छपरावर त्या सेवेची, टॉवरचा सिग्नल पकडणारी पेटी बसवून घेतली. पहिल्या महिन्यात १०० च्या योजनेवर ९५ मिळत होते. आमच्यासाठी तो मोठा दिवस होता, कारण त्याआधी मुलीला बारावीच्या ऑनलाइन वर्गासाठी सड्यावर जाऊन बसावे लागे.

मग गणपती आले. चाकरमानी गावी आले, प्रत्येक घरात सात-आठ फोन वाढले आणि आमच्या पेटीचा वेग संध्याकाळी ८ ते ११ वर आला. टॉवरचा एक विभाग सगळ्या वाडीने वाटून घेतलेला आहे, आमची पेटी त्या रांगेतला एक फोनच. विसर्जनानंतर वेग पूर्ववत झाला. शिमग्यालाही असेच झाले. अपलोड कायम १० च्या आत राहते, कारण या पट्ट्यात एकच लहर वेळ वाटून दोन्ही दिशांना वापरली जाते आणि त्यातला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. पावसाचा थेट परिणाम मला फारसा दिसला नाही, पण पेटी आणि टॉवर यांच्या मध्ये आमचा फणस आहे आणि पावसात भिजलेल्या पानांमागून सिग्नल नक्की उतरतो. पेटी छपराच्या दुसऱ्या टोकाला, फणस चुकवून बसवल्यावर वेग पुन्हा ८० च्या वर आला.

यंदा मार्चमध्ये गावातल्या केबलवाल्याने विजेच्या खांबांवरून वाडीपर्यंत फायबर आणले. आता आमच्याकडे दोन्ही आहे. फायबर गणपतीत, शिमग्यात, मध्यरात्री सारखाच वेग देते आणि अपलोडही तेवढाच. पण माकडांनी आजवर ते दोनदा तोडले आहे आणि दोन्ही वेळा जोडायला चार-चार दिवस लागले. त्या आठ दिवसांत घर पेटीवर चालले. म्हणून फायबर उत्तम असे म्हणतानाही मी ती पेटी काढलेली नाही. शहरात राहणाऱ्यांनी वायर आणि विनावायर यांची तुलना करताना तुटलेली वायर किती दिवसांत जोडून मिळते हेही त्यात धरावे अशी माझी कळकळीची सूचना आहे.

घराच्या आत सांगायचे तर आमच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, सव्वा फूट रुंद. माजघरात ५ गिगाहर्ट्झ शून्य.

---

तांब्याची_तार

चिरेबंदी यांनी लिहिलेले वाचून जुने दिवस आठवले. २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू झाले तेव्हा वायर असूनही वेग अंतरावर अवलंबून होता. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला पूर्ण वेग आणि चार किलोमीटरवरच्या घराला त्याच पैशात त्याचा काही अंशच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या तारा जोडायच्या पेट्यांमध्ये किंवा त्यांच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की लाइनवर खरखर सुरू होई आणि मोडेम वेग उतरवत उतरवत शेवटी तुटे. जून ते सप्टेंबर आम्ही जॉइंट सुकवत हिंडत असू.

फायबरला हे दोन्ही त्रास नाहीत. घरगुती फायबरच्या जीपॉन नावाच्या पद्धतीत एका तंतूवरून सुमारे २.५ गिगाबिट खाली आणि १.२५ गिगाबिट वर जातात. तो तंतू स्प्लिटरमधून (प्रकाश वाटून देणाऱ्या डबीतून) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. म्हणजे वाटणी तिथेही आहे, हे मान्य करायला हवे, परंतु वाटायला मुळात पुष्कळ आहे आणि वाटेकऱ्यांची संख्या सणासुदीला वाढत नाही. शिवाय काचेतून वीज वाहत नाही.

त्यावरून एक इशारा. दोन इमारतींमध्ये किंवा गच्चीवरून उघड्यावर लॅनची तांब्याची वायर कधीही नेऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या गडगडाटात जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची पोर्ट जळतात. मी स्वतः अशी कितीतरी जळलेली उपकरणे पाहिली आहेत. बाहेर न्यायचे असेल तर फायबर न्या.

---

चिमटा

मी लॅन आणि सीसीटीव्हीची वायरिंग करतो. मोजपट्टी ताई, तुमचा दोष बहुतेक भिंतीवरच्या पेटीत आहे. दोन्ही टोकांच्या पेट्या उघडा आणि आठही तारा लावल्या आहेत का ते पाहा. जुन्या कामांत इलेक्ट्रिशियन एकाच वायरीत दोन कामे करत: केशरी आणि हिरवी जोडी इंटरनेटला, आणि उरलेल्या दोन जोड्यांपैकी निळी टेलिफोनच्या एक्स्टेंशनला. १०० च्या जमान्यात ते चालून गेले.

नव्याने टोक बांधायचे असेल तर रंगांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोडीचा पीळ लागेल तेवढाच सोडायचा, अर्ध्या इंचाहून जास्त नाही, कारण शेजारच्या जोडीचा सिग्नल आत येऊ नये म्हणूनच तो पीळ असतो. नंतर टेस्टर लावायचा आणि आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत.

नवी वायर घेणाऱ्यांना सांगतो. घरातल्या अंतरांना कॅट-५ई प्रतीची वायर पुरते. ती १०० मीटरपर्यंत १००० चा वेग देते. नव्या घरात भिंत फोडलेलीच असेल तर कॅट-६ टाका, कारण वायरीच्या किमतीपेक्षा भिंत पुन्हा फोडण्याचा खर्च कितीतरी जास्त असतो. पण कॅट-६ लिहिलेल्या स्वस्त वायरीत पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. ती दोनदा वाकवली की तुटते आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते. तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर परत करावी. मी गिऱ्हाइकासमोर खरवडून दाखवल्याशिवाय वायर ओढत नाही.

लॅनची वायर विजेच्या वायरीच्या पाइपमधून नेऊ नका. पाइप वेगळा घाला, तो एक इंचाचा घाला आणि आत ओढायला दोरी ठेवा.

---

भाडेकरू_ठाणे

षड्ज_पंचम यांनी सांगितल्याप्रमाणे पिंग केले. पाच मिनिटांत नऊ उत्तरे ५० मिलिसेकंदांच्या वर गेली, त्यांतली सात पत्नीच्या फोनवर व्हिडिओ चालू असताना. मला हे माहीत नव्हते. टीव्ही राउटरच्या खालीच आहे, त्यामुळे तो भोक न पाडताही वायरीवर नेता आला. आता पाच मिनिटांत तशी उशिरा येणारी उत्तरे तीनच उरली आहेत.

एक प्रश्न: माझ्या भावाचे घर मोठे आहे आणि त्याने प्रत्येक खोलीत रिपीटर लावले आहेत. तिथे सिग्नल पूर्ण दिसतो, पण वेग नसतो. असे का?

---

सहावा_चॅनल

कारण रिपीटर ऐकलेले सर्व त्याच पुलावरून पुन्हा बोलतो. एका पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या रिपीटरने वेग साधारण निम्मा होतो आणि दुसऱ्या रिपीटरमागच्या तिसऱ्या खोलीत आणखी घटतो. फोनवरच्या रेघा फोन ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या असतात. रिपीटरला राउटरचे किती ऐकू येते ते त्या सांगत नाहीत. मेशच्या (एकमेकांशी जोडलेल्या अनेक राउटरच्या) महागड्या संचांत आपसांतल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असतो, त्यामुळे नुकसान कमी होते. भावाच्या घरी एका दूरच्या खोलीपर्यंत जरी वायर नेता आली, तरी तिच्या टोकाला साधा अॅक्सेस पॉइंट लावावा. हे उपकरण वायरीने आलेले इंटरनेट तिथूनच वाय-फायने पसरवते, त्यामुळे शेवटचे दहा फूटच हवेतून जातील.

---

मोजपट्टी

कोडे सुटले.

चिमटा यांनी लिहिले होते अगदी तसेच निघाले. बेडरूममधली पेटी उघडली तेव्हा केशरी आणि हिरवी जोडी लावलेली होती, तपकिरी कापून मागे दुमडलेली होती आणि निळी जोडी भिंतीतून शेजारच्या टेलिफोनच्या जुन्या खाचेत गेली होती. त्या खाचेवर इतकी वर्षे आम्ही कॅलेंडर लावत आलो. हॉलच्या टोकालाही तोच प्रकार. टेलिफोन आता नाही. गल्लीतल्या वायरिंग करणाऱ्या दादांना बोलावून आठही तारा नव्या खाचेत बसवून घेतल्या. तार खरवडून पाहिली, शुद्ध तांब्याची आहे. आधीच्या मालकांनी वायर चांगली घातली होती. टेस्टरवर आठ दिवे लागले, लॅपटॉपवर १००० दिसले आणि गेले सहा दिवस तिन्ही वेळा २०४ ते २०७ येत आहेत.

त्याच वायरीच्या टोकाला मी आमचा जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावला आहे. त्याचा ५ गिगाहर्ट्झ मुख्य राउटरपासून दूरच्या चॅनलवर ठेवला. मागच्या बेडरूममध्ये फोनवर आता रात्री साडेनऊलाही १८० मिळतात आणि सासूबाईंच्या खोलीत, जिथे पूर्वी काहीच येत नसे, तिथे ९० ते १००. लॅपटॉप मात्र वायरीवरच ठेवते. राउटरला पिंग केले, तीनशेपैकी एकही उत्तर १ मिलिसेकंदाच्या वर नाही.

स्वयंपाकघर तेवढे राहिले आहे. तिथे पाइप नाही, आणि ११० पुरतात.

---

चिमटा

ताई, जुन्या राउटरचा स्वतःचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद केला आहे ना? आणि वायर त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचे इंटरनेट आत घेण्याच्या) न लावता लॅन पोर्टला (घरातली उपकरणे जोडण्याच्या) लावली आहे ना? नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि हॉलमधला प्रिंटर मागच्या खोलीतून दिसत नाही.

---

मोजपट्टी

डीएचसीपी चालूच होता आणि वायरही वॅन पोर्टलाच होती. आता तो बंद करून वायर लॅन पोर्टला लावली. प्रिंटर दिसू लागला.